हंगाम, प्लास्टर आणि दांडीचे बूट

आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात येतात आणि नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर थेट कर्नाटकात ऊस तोडायला निघते. परत यायचं ते गुढीपाडव्याच्या आसपास. माझा मुलगा श्रावणात जन्मला तेव्हा आमची उचल घेऊन झाली होती, आणि बाळाचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं. तळवा डाव्या पायाकडे, टाच वर ओढलेली, बोटं खाली झुकलेली. हाताने सरळ करायला जावं तर पाऊल थोडं हलायचं आणि सोडलं की परत तिथंच. हंगामाला तेव्हा जेमतेम अडीच महिने उरले होते.

याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला असतं, मुलींपेक्षा मुलांमध्ये दुपटीने जास्त, आणि यातल्या जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. हे सगळं मला नंतर कळलं. बाळंतपण झालं त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की सासूबाई पाय परत परत दुपट्यात झाकत होत्या. बघायला आलेल्या बायका विचारायच्या, "गिऱ्हाणात काही चिरलं-कापलं का गं?" ग्रहणात बाहेर पडलीस का, विळी हातात घेतलीस का, सुईदोरा केलास का. मी पोटुशी असताना ग्रहण होतं का, हेसुद्धा मला आठवत नव्हतं. डॉक्टरांनी पुढे स्पष्ट सांगितलं की बहुतेक बाळांमध्ये याचं एक असं कारण सापडत नाही. घराण्यात आधी कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण ग्रहणाचा आणि आईच्या हातून काही होण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे वाक्य त्यांनी सासूबाईंच्या समोर म्हटलं. माझ्यासाठी तो उपचाराचाच भाग होता. ज्या घरात आईला दोष लागतो, त्या घरात दर आठवड्याला दवाखान्यात जायला तिच्यासोबत कुणी निघत नाही.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं होतं म्हणून एक गोष्ट चांगली झाली. सिस्टरने बाळाला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं आणि पायाची नोंद कागदावर केली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते, आणि जन्मजात व्यंगांच्या यादीत फाटलेला ओठ-टाळू, हृदयाचे दोष यांच्यासोबत क्लबफूटही आहे. उपचार मोफत. आशाताई घरी आली तेव्हा तिने तोच कागद बघून सांगितलं, "ताई, सवा महिना बघू नका. बाळ आठ-पंधरा दिवसांचं असतानाच सिव्हिलला न्या."

पण सवा महिन्याच्या आत बाळंतिणीला घराबाहेर काढायला घर तयार नव्हतं. गावातली एक जाणती म्हातारी म्हणाली, रोज कोमट तेलाने चोळा, पाय आपोआप सरळ होईल. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तर तिथं सांगितलं, वर्षाचं होऊ द्या, मग ऑपरेशन करू. दोन्ही सल्ले वेळ खाणारे होते. तेलाने पाय बिघडत नाही, पण नुसत्या चोळण्याने तो बरोबर जागी येत नाही आणि आलाच तर टिकत नाही. वर्षभर थांबणं तर त्याहून वाईट, कारण तान्ह्या बाळाच्या पावलातली बरीचशी हाडं अजून मऊ कूर्चेची असतात, शिरा आणि बंध ताणले तर ताणले जातात. हे मऊपण दर महिन्याला कमी होत जातं. यावरचा खरा उपचार म्हणजे दर आठवड्याला पाऊल थोडं वळवून नवं प्लास्टर घालत जाणं. मोठ्या मुलांचेही पाय या पद्धतीने सरळ होतात, पण प्लास्टरं जास्त लागतात.

शेवटी आशाताई आणि आमचे हे, दोघांनी मिळून सासूबाईंची समजूत काढली आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांतच आम्ही जिल्ह्याच्या सिव्हिलला गेलो. पहाटेची एस.टी., घाट, वरून पाऊस. बाळ पोटाशी. केसपेपरच्या रांगेत दोन तास.

हाडांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पावलावर सहा खुणा तपासल्या: टाचेमागची घडी, टाच हाताला रिकामी लागते का, पाऊल वर किती येतं, बाहेरची कड किती वाकडी आहे, तळव्याच्या आतल्या बाजूची घडी आणि घोट्याजवळचं एक हाड बाहेर किती लागतं. प्रत्येक खुणेला शून्य, अर्धा किंवा एक गुण. सगळं ठीक असेल तर शून्य, सगळ्यात कडक पाय असेल तर सहा. आमचे साडेपाच आले. ते म्हणाले, "हा आकडा दर आठवड्याला कमी होताना तुम्हाला दिसेल." आमच्या ह्यांना हे फार पटलं. ते शिकलेले कमी, पण वजनकाट्यावरच्या आकड्यांशी रोजचा संबंध असलेला माणूस. पुढे दर वेळी ते फोनवर पहिला प्रश्न हाच विचारायचे: आज किती आला?

पहिल्या प्लास्टरच्या वेळी मला वाटलं होतं की पाय जोर लावून सरळ करतील. तसं काहीच झालं नाही. डॉक्टर एका बोटाने घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं ते हाड धरायचे आणि दुसऱ्या हाताने पावलाचा पुढचा भाग हळूहळू बाहेर न्यायचे, जेवढा सहज जाईल तेवढाच. मग प्लास्टरवाले दादा कापूस गुंडाळायचे आणि त्यावर पीओपीची पट्टी, बोटांपासून थेट मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. गुडघ्याच्या खाली प्लास्टर संपवलं तर बाळ पाय ओढून ते काढून टाकतं आणि पाऊलही आतून फिरतं, म्हणून मांडीपर्यंत. मला एक काम दिलं होतं: तेवढा वेळ बाळाला पाजत बसायचं. बाळ दूध पीत असलं की पाय सैल सोडतं. रडून ताठ झालेल्या पायाला नीट प्लास्टर बसत नाही.

एक गोष्ट मला विशेष वाटली. पहिल्या आठवड्यात पाऊल आणखीच विचित्र दिसत होतं, अंगठा वर उचललेला. मी घाबरले. दादांनी सांगितलं की क्रम ठरलेला आहे: आधी तळव्याची खोल कमान उघडायची, मग पाऊल बाहेर वळवत न्यायचं, त्यासोबत टाच आपसूक फिरते, आणि टाच खाली आणायचं काम सगळ्यात शेवटी. आधीच पाऊल वर दाबायला गेलं तर मधूनच वाकतं आणि कायमचं बिघडतं. टाचेला हातसुद्धा लावायचा नाही, असं ते शिकाऊ डॉक्टरला सांगत होते.

त्या खोलीच्या भिंतीवर एका वयस्कर गोऱ्या डॉक्टरांचा फोटो होता. इग्नासिओ पोन्सेटी. 1914 साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले, तिथल्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, देश सोडावा लागला, आणि मेक्सिकोमार्गे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पोचले. तिथं त्यांनी आधी मोठी ऑपरेशनं झालेल्या क्लबफूटच्या रुग्णांचे पाय पाहिले. ते कडक झालेले होते, दुखत होते. म्हणून 1940 च्या दशकाच्या शेवटी ही हळूहळू वळवण्याची पद्धत बसवली. 1963 मध्ये त्यावर लेखही लिहिला, तरी जगभरच्या डॉक्टरांनी ती मनावर घ्यायला आणखी तीस-पस्तीस वर्षं गेली. 2009 मध्ये ते वारले. त्यांचा जन्मदिवस, 3 जून, आता जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात. युगांडात तर डॉक्टर पुरेसे नाहीत म्हणून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ही पद्धत शिकवली गेली आणि तिथल्याच चामड्या-लोखंडातून पुढचे बूटही बनवले गेले. हे वाचलं तेव्हा मला आमच्या प्लास्टरवाल्या दादांचा हात आठवला. या उपचाराला मोठं ऑपरेशन थिएटर लागत नाही, महागडं मशीन लागत नाही. पीओपी, कापूस आणि शिकलेला हात लागतो. आणि दर आठवड्याला येणारी आई लागते, ज्याचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो.

त्या आठवड्यांचं सांगते. प्लास्टर भिजू द्यायचं नाही, आणि आमचं घर पत्र्याचं, पावसात दोन ठिकाणी गळणारं. बाळाला अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. लंगोट प्लास्टरच्या वरच्या कडेपासून दूर बांधायचा, नाहीतर शू आत जाऊन कातडी कुजते. दिवसातून चार-पाच वेळा बोटं बघायची. बोट दाबलं की पांढरं होतं आणि सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं. बोटं निळसर, गार किंवा सुजलेली दिसली, किंवा प्लास्टर घसरून बोटं आत गेली, तर वार न बघता दवाखान्यात जायचं. आमचं एकदा असं घसरलं. बोटं दिसेनाशी झाली तेव्हा आशाताईला फोन केला, ती म्हणाली, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन काढून घ्या, सिव्हिलपर्यंत तसंच नेऊ नका. तिथल्या सिस्टरने कोमट पाण्यात भिजवून पट्टी उकलली. एरवी मात्र प्लास्टर घरी आदल्या रात्री काढायचं नाही, नवीन घालायच्या थोडंच आधी काढायचं. मधल्या तासांतही पाय मागे सरकतो.

प्लास्टरच्या दिवशी ओळीने बसलेल्या आम्ही बाया हळूहळू एकमेकींना ओळखायला लागलो. गेवराईकडची एक होती, तिच्या मुलीचे दोन्ही पाय. ती मधल्या काही आठवड्यांनी यायची थांबली. दादांनी तिला फोन लावला तर कळलं की घरचे म्हणाले, पोरीच्या जातीला एवढा खर्च कशाला. उपचार फुकट होता. खर्च म्हणजे एस.टी.चं भाडं आणि बुडालेली मजुरी. आरोग्य विभागाच्या बाई तिच्या घरी जाऊन आल्या आणि ती परत आली, पण मधल्या काळात पाय जेवढे सुधारले होते तेवढे मागे गेले होते. मला तेव्हापासून वाटतं की या उपचारात जो माणूस फोन लावतो आणि दारात जाऊन उभा राहतो, तो प्लास्टर घालणाऱ्याइतकाच मोठा आहे.

सहसा पाच ते सात प्लास्टरांत पाऊल बाहेर पुरेसं वळतं. आमचंही तसंच झालं. उरली टाच, अजून वर ओढलेली. डॉक्टर म्हणाले, आता टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी बांधणारा जाड दोर, छोट्या छेदाने मोकळी करू. घरी हे सांगितलं आणि पुन्हा सगळं थांबलं. "शीर कापली तर लेकरू लुळं पडंल," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ऐकून माझ्याही पोटात गोळा आला होता. डॉक्टरांनी आमच्या तिघांना समोर बसवून सांगितलं: जागा बधिर करतात, छेद एवढा बारीक की टाकेसुद्धा लागत नाहीत, आणि कापलेली शीर तीन आठवड्यांत लांब होऊन परत जुळते. तेवढे तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. काही मिनिटांत ते झालं. बाळ रडलं, दूध प्यायलं, झोपलं. संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही घरी.

ते प्लास्टर निघालं तेव्हा दिवाळी जवळ आली होती. पाऊल सपाट टेकत होतं. आमच्या ह्यांनी ते तळहातावर ठेवून कितीतरी वेळ बघितलं. मी मनात हिशेब केला की झालं, आता हंगामाला जाता येईल. डॉक्टर म्हणाले, "खरं काम आता सुरू होतंय."

मग दांडीचे बूट आले. दोन उघड्या बोटांचे बूट, मध्ये खांद्यांच्या रुंदीएवढी लोखंडी दांडी, बूट बाहेरच्या बाजूला वळवून बसवलेले. वाकडा होता तो पाय जास्त, चांगला पाय कमी. चांगल्या पायाला कशाला, हे सगळेच विचारतात. एकट्या बुटाने पाऊल बाहेर वळलेलं राहत नाही, दांडीला दुसऱ्या बाजूने आधार लागतो, म्हणून. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, फक्त अंघोळीपुरते काढायचे. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून बारा ते चौदा तास. हे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. पाय वाकडा करणारी ओढ मुलाच्या वाढीबरोबर शिल्लक असते, आणि बूट सोडले की पाय परत वळायला लागतो.

पहिल्या रात्री तो रडून रडून थकला. पाय एकेकटा हलत नाही म्हणून चिडायचा. दादांनी शिकवलं होतं तसं मी दांडी धरून दोन्ही पाय एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे, गाणं म्हणत. चार-पाच दिवसांत तो स्वतःच दोन्ही पाय मिळून झाडायला लागला. सुती मोजे घालायचे, पट्टा घट्ट आवळायचा, बुटाच्या मागच्या भोकातून टाच खाली टेकलीय ना ते बघायचं. कातडी थोडी लाल होणं चालतं. फोड आला तर समजायचं की बूट सैल बसतोय आणि टाच आत घासतेय. सैल बसलेला बूट घट्ट बुटापेक्षा जास्त त्रास देतो.

तेवीस तासांचे ते तीन महिने उसाच्या फडात निघणं शक्य नव्हतं. ह्यांनी भावकीतल्या एकाशी जोडी लावली आणि मी सासूबाईंबरोबर घरी राहिले. मी गेले नाही म्हणून उचलीतलं कर्ज फिटलं नाही, ते पुढच्या हंगामावर गेलं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मोफत उपचाराची किंमत आमच्या घरात अशी मोजली गेली, म्हणून लिहिते.

पुढच्या हंगामाला आम्ही तिघंही गेलो, सासूबाईंना घेऊन. मुलगा तेव्हा चालायला लागला होता, दिवसा मोकळा, रात्री बूट. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीत, रात्री बूट घालायचे आणि आम्ही पहाटे तीन-चारला फडात निघायचो. सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं, पट्टे त्यांना जमायचे नाहीत, त्यामुळे तो उठला की त्या बूट काढून ठेवायच्या. तरी बरेच तास व्हायचे. पण पोरं वाढतात. जानेवारीत बोटं बुटाच्या पुढे यायला लागली, टाच वर सरकायला लागली. जवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी त्याच्या उपचाराचं कार्ड घेऊन गेले. तिथं सांगितलं की बूट जिथं उपचार सुरू आहे तिथूनच मिळतील. म्हणजे आमच्या जिल्ह्यातून. जायला-यायला दोन दिवस, दोघांपैकी एकाचा खाडा, म्हणजे कामावरची गैरहजेरी, आणि खाड्याचा दंड मुकादम हिशेबातून कापतो. लहान पडलेले बूट पायात कोंबून हंगाम काढला. पाडव्याला परत आलो तेव्हा तो चालताना उजवं पाऊल थोडं आत टाकत होता.

सिव्हिलला डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, हे होतं, आणि लवकर आलात तर याच पद्धतीने परत सुधारतं. पुन्हा काही आठवडे प्लास्टर. दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला मांडीपर्यंत प्लास्टर घालून घरात ठेवणं तान्ह्यापेक्षा अवघड. तो ढुंगणावर सरकत अंगणात जायचा. 2023 च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे या वेळी एकटीने जाणं-येणं परवडलं. आमच्यासारख्या घराला अशी मदत औषधाइतकीच लागते, हे मला ठासून सांगायचंय. मग नवे, मोठे बूट आले.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. निघण्याआधी दिवाळीत तपासणी करून एक माप मोठे बूट जास्तीचे मागून घेतो. दादांनी ते दिले. लहान झालेले मी परत करते, दुसऱ्या कुणाला लागतात. पुतणी सोबत येते, तिला पट्टे नीट आवळता येतात. मला मात्र वाटतं की हे आमच्या एकट्याच्या हुशारीवर राहू नये. लाखो मजूर दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत ठरलेल्या भागांत जातात. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यांना दुसऱ्या जिल्ह्याचं कार्ड बघून बूट बदलून देता आले, तर आमच्यासारख्या कितीतरी मुलांचं दुसरं प्लास्टर टळेल. गरोदरपणाचं कार्ड आणि लसीकरणाचं कार्ड कुठंही चालतं. हेही चालायला हवं.

आता तो श्रावणात चार वर्षांचा होईल. पाऊल सपाट टेकतं, टाच खाली येते, उकिडवं बसता येतं. उजवी पोटरी डावीपेक्षा थोडी बारीक आहे. ती तशी राहते, तिने चालायला-पळायला अडत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की पळताना पाऊल आत ओढलं जातंय असं दिसलं तर पुढे एक शीर बाहेरच्या बाजूला बसवायचं छोटं ऑपरेशन करता येतं, पण आत्ता तरी गरज नाही. रात्रीचे बूट अजून निदान वर्षभर. या वर्षीची उचल घेतानाच ह्यांनी मुकादमाला सांगितलंय की जानेवारीत तपासणीची तारीख आहे, तेव्हा एक जण पोराला घेऊन गावी जाईल आणि त्या दिवसांचा खाडा धरायचा नाही. मुकादम आधी नाही म्हणाला. मग ह्यांनी त्याला पोराचं कार्ड दाखवलं, साडेपाचपासून खाली आलेले आकडे दाखवले. तो तयार झाला आहे.